आपल्याच अपत्याला नाकारणारा वास्तुविशारद : व्हिक्टर ग्रुएन

ज्या कामामुळे आयुष्यभर नाव झाले, त्याच कामाचे पितृत्व उतारवयात चारचौघांत नाकारण्याची वेळ फार थोड्या माणसांवर येते. व्हिक्टर ग्रुएन यांनी ती स्वतःहून ओढवून घेतली. १९७८ साली लंडनमध्ये केलेल्या भाषणात या अमेरिकी वास्तुविशारदाने शॉपिंग सेंटरच्या धंद्यावर कडाडून टीका केली. आपल्या मूळ कल्पनेचे विडंबन करून उभारलेल्या या अनौरस बांधकामांच्या पोटगीचा भार आपण उचलणार नाही, असे त्यांनी ठणकावून सांगितले. त्या वेळी ते पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर होते आणि शॉपिंग मॉलचे जनक ही त्यांची ओळख जगभर पक्की झालेली होती. ती पुसून टाकण्याची त्यांची धडपड अखेरपर्यंत यशस्वी झाली नाही. ती यशस्वी व्हायला हवी होती का, हा प्रश्न मात्र त्यांचे चरित्र वाचताना वारंवार समोर येतो.

ग्रुएन यांचा जन्म १८ जुलै १९०३ रोजी व्हिएन्नातील एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे मूळ आडनाव ग्रूनबाउम. जर्मन भाषेत त्याचा अर्थ हिरवे झाड. अमेरिकेत गेल्यावर त्यातले झाड गळाले आणि हिरवा तेवढा उरला. वडील वकील होते; पण १९१८ साली त्यांचे निधन झाले आणि घराची जबाबदारी कोवळ्या वयातच व्हिक्टर यांच्यावर आली. व्हिएन्नाच्या ललित कला अकादमीत त्यांनी पीटर बेहरेन्स या नामवंत वास्तुविशारदाच्या हाताखाली शिक्षण घेतले. त्याचबरोबर एका बांधकाम कंपनीत अनेक वर्षे नोकरी केली आणि तिशीच्या सुमारास स्वतःचा व्यवसाय थाटला. आर्थिक मंदीच्या त्या काळात मोठी कामे मिळणे अशक्यच होते. त्यामुळे जुन्या दुकानांचे नूतनीकरण आणि राहत्या घरांची अंतर्गत सजावट यांवर त्यांना समाधान मानावे लागले.

व्हिएन्नाने त्यांना दिलेले खरे शिक्षण मात्र वर्गाबाहेरचे होते. जुन्या शहराच्या गाभ्यातील अरुंद गल्ल्या, चौक, कॉफीगृहे, पायी फिरणारी माणसे, दुकानाच्या वर घर आणि घराच्या पलीकडे नाट्यगृह, अशा दाट वस्तीत ते वाढले. राजकीयदृष्ट्या ते समाजवादी होते. दिवसा नकाशे आखायचे आणि रात्री सहकाऱ्यांसोबत राजकीय उपहासाचे नाट्यप्रयोग करायचे, असा त्यांचा दिनक्रम होता. प्रेक्षकाला कोठे थांबवायचे, त्याची नजर कोठे वळवायची, पडदा केव्हा उघडायचा, हे भान त्यांना रंगमंचावर आले. पुढे त्यांनी बांधलेल्या प्रत्येक दुकानात हा नाटकवाला कोठे ना कोठे दिसतोच.

मार्च १९३८ मध्ये हिटलरच्या फौजा ऑस्ट्रियात शिरल्या. ज्यू, समाजवादी आणि त्यातून नाझींची टिंगल करणारा नट, अशा माणसाला व्हिएन्नात थांबणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण होते. नाझी सैनिकाचा गणवेश चढवून एका मित्राने ग्रुएन दाम्पत्याला मोटारीतून विमानतळावर सुखरूप पोहोचवले, अशी हकिकत सांगितली जाते. नाटकातील वेषांतर असे प्राणांच्या कामी आले. त्याच वर्षी ते न्यूयॉर्कला उतरले, तेव्हा त्यांच्यापाशी वास्तुशास्त्राची पदवी होती, खिशात आठ डॉलर होते आणि इंग्रजीचा गंध नव्हता.

१९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात जनरल मोटर्स कंपनीचे ‘फ्युचरामा’ हे दालन उभे राहत होते. रुंद महामार्ग आणि सुसाट धावणाऱ्या मोटारींनी भरलेल्या भविष्यकालीन अमेरिकेची ती प्रचंड प्रतिकृती होती. ग्रुएन यांना पहिले काम मिळाले ते तेथे, आराखडे काढणाऱ्याचे. ज्या मोटारीशी त्यांना पुढे आयुष्यभर झगडावे लागले, तिच्याच आरतीत त्यांनी अमेरिकेतली पहिली टाळी वाजवली, असे म्हणायला हरकत नाही. दरम्यान, व्हिएन्नाहून आलेल्या निर्वासित कलावंतांना एकत्र करून त्यांनी नाटक मंडळीही उभी केली आणि तिचा प्रयोग ब्रॉडवेवर झाला.

त्यांना खरी संधी दिली ती एका दुकानाने. व्हिएन्नातील जुने परिचित लुडविग लेडरर यांना न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवर चामड्याच्या वस्तूंचे दुकान काढायचे होते. रस्त्याला लागून सरळ काच लावायची आणि तीत माल मांडायचा, ही तेव्हाची रीत. ग्रुएन यांनी दर्शनी भाग आत घेतला. पदपथ आणि दार यांच्यामध्ये छोटेसे अंगण तयार केले आणि त्यात काचेच्या कपाटांतून पिशव्या व पाकिटे मांडली. घाईत चाललेला माणूस गर्दीतून क्षणभर बाजूला होऊन त्या अंगणात शिरायचा आणि दुकानात पाऊल टाकण्याआधीच अर्धा गिऱ्हाईक झालेला असायचा. १९३९ साली उघडलेल्या या दुकानाची वास्तुकलेच्या नियतकालिकांनी दखल घेतली आणि पाठोपाठ आणखी कामे आली. एल्सी क्रुमेक या कल्पक आरेखनकार महिलेशी त्यांची व्यावसायिक भागीदारी जमली. ही भागीदारी पुढे विवाहात परिणत झाली आणि १९४१ च्या सुमारास दोघे लॉस एंजेलिसला स्थायिक झाले. ग्रेसन या कपड्यांच्या दुकानमालिकेसाठी त्यांनी पश्चिम किनाऱ्यावर भडक, झगमगती दुकाने बांधली. त्या वास्तूंना कोणी थोर म्हणणार नाही. पण त्यांनी गल्ला भरला आणि व्यापाऱ्यांच्या जगात ग्रुएन हे नाव खणखणीत चलन बनले.

लॉस एंजेलिसमध्ये त्यांना मोटारीचे साम्राज्य प्रत्यक्ष दिसले. शहर मैलोन्‌मैल पसरत होते. रस्त्यांच्या दुतर्फा दुकाने, पेट्रोलपंप आणि भडक पाट्यांची बेशिस्त रांग वाढत होती आणि त्यात पायी चालणाऱ्याला जागाच नव्हती. १९४३ साली ‘आर्किटेक्चरल फोरम’ या मासिकाने युद्धोत्तर शहराविषयी विशेषांक काढला. त्यासाठी ग्रुएन आणि क्रुमेक यांनी एक आराखडा मांडला. त्याची मूळ कल्पना अशी, की दुकाने रस्त्याकडे पाठ करून मधल्या हिरवळीकडे तोंड करतील, मोटारी बाहेर राहतील आणि माणसे आत फिरतील. ती कागदावरच राहिली. मात्र पुढच्या सगळ्या वाटचालीचे बीज तेथे पडले होते. १९४९ साली लॉस एंजेलिसच्या वेस्टचेस्टर भागात त्यांनी बांधलेल्या मिलिरॉन्स या दुकानात मोटारी थेट गच्चीवर चढत. १९५१ मध्ये त्यांनी ‘व्हिक्टर ग्रुएन असोसिएट्स’ ही संस्था स्थापन केली. ठेंगणे, स्थूल, जाड भुवयांचे आणि अखंड बोलणारे ग्रुएन व्यापाऱ्यांच्या बैठका रंगमंचासारख्या गाजवत.

डेट्रॉइटचे काम त्यांना वादळामुळे मिळाले, असे सांगतात. १९४८ मध्ये हवामान बिघडल्याने त्यांचे विमान तेथे अडकले. त्या सक्तीच्या मुक्कामात त्यांनी शहर पाहिले. जे. एल. हडसन हे तेथील सर्वांत मोठे दुकान शहराच्या मध्यभागी दिमाखात उभे होते. पण त्याचे गिऱ्हाईक उपनगरांत चालले होते. ग्रुएन यांनी कंपनीच्या प्रमुखांना गाठले आणि शहराच्या चार दिशांना चार केंद्रे उभारण्याची कल्पना त्यांच्या गळी उतरवली. त्यांपैकी नॉर्थलँड हे पहिले केंद्र मार्च १९५४ मध्ये साउथफील्ड येथे सुरू झाले. मध्यभागी हडसनचे भव्य दुकान, सभोवती इतर दुकानांच्या रांगा, त्यांच्यामध्ये खुले चौक, कारंजी, फुलझाडे, शिल्पे आणि सार्वजनिक सभांसाठी खोल्या, अशी त्याची रचना होती. लोक खरेदी नसली तरी येऊन बसत. व्हिएन्नाचा चौक मिशिगनच्या माळरानावर आणल्याचे समाधान ग्रुएन यांना लाभले.

त्यानंतर आले साउथडेल. मिनेसोटा राज्यात मिनिआपोलिसजवळच्या एडिना या उपनगरात डेटन कुटुंबाने ४६३ एकर जमीन घेतली होती. येथील हवामान विलक्षण कडक. हिवाळ्यात पारा शून्याखाली बराच उतरतो, उन्हाळा दमट. बाहेर हिंडून खरेदी करण्याजोगे दिवस वर्षाकाठी जेमतेम १२६ भरतात, असा हिशेब ग्रुएन यांनी मांडला. तोडगा सरळ होता. संपूर्ण केंद्रावर छप्पर घालायचे. आतले तापमान बाराही महिने २४ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवायचे. दुकाने एका मजल्यावर पसरवली, तर चालून पाय दुखतात म्हणून ती दोन मजल्यांत रचायची आणि वाहनतळ अशा उतारांवर आखायचे, की निम्मे लोक थेट वरच्या आणि निम्मे खालच्या मजल्यावर शिरतील. यात व्यापारी हिशेबही होता. सगळीच इमारत उबदार असल्याने प्रत्येक दुकानाला बाहेरच्या थंडीशी लढणारी भिंत आणि दार लागत नाही, दुकाने मोकळी उघडी ठेवता येतात. डेटन आणि डोनाल्डसन या दोन प्रतिस्पर्धी दुकानांना एकाच छपराखाली आणणे हेही त्या काळी धाडस होते.

८ ऑक्टोबर १९५६ रोजी साउथडेल उघडले. दोन कोटी डॉलर खर्च, ७२ दुकाने, ५,२०० मोटारींसाठी जागा आणि मधोमध ‘चिरवसंताचे उद्यान’ म्हणून गाजलेला छताखालचा चौक. त्यात झाडे होती, मोठ्या पिंजऱ्यात पक्षी होते आणि हॅरी बर्टोइया यांनी घडवलेली धातूची सोनेरी झाडे होती. देशभरच्या मासिकांनी या वास्तूवर पाने भरली. फ्रँक लॉइड राइट हे ज्येष्ठ वास्तुविशारद मात्र त्याच वर्षी ती पाहून नाक मुरडून गेले; खेड्यातील रस्त्याचे दोष तेवढे येथे आले, गोडवा आला नाही, असा त्यांचा आक्षेप होता. लोकांनी त्यांचे ऐकले नाही. संपूर्ण बंदिस्त, वातानुकूलित शॉपिंग मॉलचा पहिला नमुना म्हणून साउथडेलकडेच बोट दाखवले जाते. आपल्याकडे १९९९ साली हाजीअलीजवळ सुरू झालेल्या ‘क्रॉसरोड्स’मध्ये सरकत्या जिन्यावर पहिल्यांदा पाय ठेवताना मुंबईकर बिचकला होता, किंवा लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात भोंग्याऐवजी संगीत ऐकू येऊ लागले, त्या साऱ्याची वंशावळ मागे मागे नेली की एडिनाच्या त्या छताखाली जाऊन पोहोचते.

तथापि, साउथडेलचा जो भाग बांधला गेला नाही, त्यातच ग्रुएन यांचा जीव अडकला होता. ४६३ एकरांच्या मूळ आराखड्यात दुकाने हा केवळ गाभा होता. त्याभोवती घरे, शाळा, दवाखाने, कार्यालये, उद्याने आणि तळे अशी संपूर्ण वस्ती त्यांनी योजली होती. मॉल हे त्या नव्या गावाचे ग्रामदैवत ठरणार होते. प्रत्यक्षात मॉल उघडताच सभोवतालच्या जमिनीचे भाव चढले. मालकांच्या दृष्टीने तुकडे पाडून विकणे हाच शहाणपणा होता. वस्ती झाली, पण जिला जशी सुचली तशी. मधल्या वास्तूभोवती उरला डांबराचा समुद्र.

येथे एका गोष्टीची नोंद करणे आवश्यक आहे. मॉलचा जो पूर अमेरिकेत आला, त्याचे सारे श्रेय किंवा अपश्रेय एका माणसाच्या प्रतिभेला देणे हे इतिहासाला धरून होणार नाही. १९५४ साली अमेरिकी सरकारने करकायद्यात बदल करून नव्या व्यापारी इमारतींचा घसारा सुरुवातीच्याच वर्षांत भराभर वजा करण्याची सवलत दिली. परिणामी, कागदोपत्री तोटा दाखवून कर वाचवण्यासाठी नवी बांधकामे हे उत्तम साधन ठरले आणि जुन्या बाजारपेठेची डागडुजी करण्यापेक्षा शहराबाहेर नवे संकुल उभारणे किफायतशीर झाले. १९५६ मध्ये ४१ हजार मैलांच्या महामार्गांचा कायदा मंजूर झाला आणि त्याचा ९० टक्के खर्च केंद्र सरकारने उचलला. शेतजमिनीच्या मधोमध उभ्या असलेल्या मॉलला गिऱ्हाईक आणून देण्याची व्यवस्था अशी आपोआप झाली. तरीही ग्रुएन यांची सुटका एवढ्यावर होत नाही. १९६० साली लॅरी स्मिथ या अर्थतज्ज्ञासोबत त्यांनी ‘शॉपिंग टाउन्स यूएसए’ हे पुस्तक लिहिले. जागेची निवड, भाड्याचे गणित, वाहनतळाचे प्रमाण, दुकानांची मांडणी, असे सारे त्यात तपशीलवार दिले होते. किल्लीच बाजारात विकल्यानंतर घरात कोण शिरले याची तक्रार करण्याचा अधिकार किती उरतो?

वास्तविक, शहराचा गाभा वाचवण्याची त्यांची तळमळ खोटी नव्हती. ज्या वर्षी साउथडेल उघडले, त्याच १९५६ साली टेक्सासमधील फोर्ट वर्थ शहरासाठी त्यांनी एक विलक्षण योजना सादर केली. मध्यवस्तीभोवती वर्तुळाकार रस्ता, त्यावरून आत घुसणारे सहा बहुमजली वाहनतळ, त्यांत साठ हजार मोटारींची सोय, मालवाहतुकीसाठी भुयारी मार्ग आणि आतला संपूर्ण भाग फक्त पादचाऱ्यांचा. जेन जेकब्ज यांच्यासारख्या, नगररचनाकारांवर सहसा प्रसन्न न होणाऱ्या लेखिकेनेही या योजनेचे कौतुक केले. मात्र खासगी वाहनतळांचे मालक विरोधात गेले, आवश्यक तो कायदा संमत झाला नाही आणि योजना बारगळली. ग्रुएन यांच्या चरित्रातील सर्वांत मोठी हळहळ ही आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. शेतातला मॉल बांधायला एक मालक पुरतो. जुने शहर सुधारायला हजारोंची संमती लागते.

त्यांनी प्रयत्न सोडले नाहीत. मिशिगनमधील कॅलमझू येथे १९५९ साली त्यांच्या योजनेवरून मुख्य रस्ता वाहनांना बंद करण्यात आला. १९६२ साली न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहराच्या ऐन मध्यवस्तीत ‘मिडटाउन प्लाझा’ हा बंदिस्त मॉल सुरू झाला. १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नो शहराचा फुल्टन रस्ता कारंजी आणि शिल्पांनी नटलेला पादचारी मार्ग बनला. त्याच वर्षी ‘द हार्ट ऑफ अवर सिटीज’ हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. फ्लोरिडात आदर्श नगर वसवण्याची स्वप्ने पाहणाऱ्या वॉल्ट डिस्ने यांच्यावर या पुस्तकाचा प्रभाव पडला. तेहरानच्या बृहद्आराखड्यातही इराणी वास्तुविशारद अब्दुल अझीझ फर्मानफर्माईयान यांच्यासह त्यांचा वाटा होता. याच काळात त्यांची संस्था उपनगरी मॉल मात्र एकामागून एक बांधतच होती. पन्नासहून अधिक मॉल त्यांच्या नावावर सांगितले जातात. एका हाताने शहरातील दुकानदाराला औषध द्यायचे आणि दुसऱ्या हाताने त्याचे गिऱ्हाईक बाहेर न्यायचे, ही विसंगती त्यांच्या लक्षात आली नसेल असे मानणे कठीण आहे.

१९६८ साली त्यांनी अमेरिकेतील व्यवसायातून अंग काढून घेतले आणि ते व्हिएन्नाला परतले. तीस वर्षांपूर्वी ज्या शहराने त्यांना पळवून लावले, त्याच शहराने आता त्यांचा सल्ला मागितला. मोटारींनी गुदमरलेल्या जुन्या गाभ्यासाठी त्यांनी केलेल्या अभ्यासाची परिणती म्हणून १९७४ मध्ये केर्न्टनर श्ट्रासे हा प्रमुख बाजाररस्ता पादचाऱ्यांसाठी राखला गेला. तो आजही तसाच आहे आणि त्यावर पाय ठेवायला जागा नसते. परंतु नियतीचा टोमणाही येथेच वाट पाहत होता. १९७६ साली व्हिएन्नाच्या दक्षिणेला ‘शॉपिंग सिटी ज्यूड’ हा विशाल मॉल उघडला. अमेरिकेत त्यांनी जन्माला घातलेले प्रकरण महासागर ओलांडून त्यांच्या दाराशी आले आणि जुन्या शहरातील छोट्या दुकानदारांच्या पोटावर बसले. लंडनच्या भाषणातील संतापाला ही ताजी जखम होती. १४ फेब्रुवारी १९८० रोजी व्हिएन्नातच त्यांचे निधन झाले.

मृत्यूनंतरही त्यांची फजिती थांबली नाही. ठरावीक वस्तू घ्यायला आलेला माणूस झगमगाटात हेतू विसरतो आणि दिसेल ते घेत भटकू लागतो, त्या क्षणाला विक्रीशास्त्रात ‘ग्रुएन ट्रान्स्फर’ असे नाव पडले. माणसांनी निवांत बसावे म्हणून चौक बांधणाऱ्याचे नाव गिऱ्हाइकाला भुलवण्याच्या युक्तीला चिकटले. माल्कम ग्लॅडवेल यांनी २००४ साली लिहिलेल्या लेखात विसाव्या शतकातील सर्वांत प्रभावशाली वास्तुविशारद कदाचित तेच असावेत, असा निर्वाळा दिला. हा गौरव त्यांना आवडला असता का, कोण जाणे.

त्यांच्या वास्तूंचे पुढे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. डेट्रॉइटच्या मध्यवस्तीतील हडसनचे मूळ दुकान १९८३ मध्ये बंद पडले आणि १९९८ मध्ये सुरुंग लावून पाडण्यात आले. १९५० साली साडेअठरा लाखांच्या घरात असलेली त्या शहराची लोकसंख्या २०१० पर्यंत सव्वासात लाखांच्याही खाली आली होती. वांशिक तणाव आणि मोटार उद्योगाची घसरण ही त्यामागची मोठी कारणे. नॉर्थलँडचा वाटा त्यात छोटा, पण नाकारता न येणारा. ते नॉर्थलँडही २०१५ साली बंद झाले. रॉचेस्टरच्या मिडटाउन प्लाझाला २००८ मध्ये टाळे लागले आणि नंतर ते पाडले गेले. फ्रेझ्नोचा फुल्टन रस्ता २०१७ साली पुन्हा मोटारींना खुला झाला.

साउथडेल मात्र चालू आहे. इतर मॉलप्रमाणे त्यालाही ऑनलाइन खरेदीची झळ बसली. अलीकडच्या काळात तेथील वाहनतळाच्या काही भागावरचे डांबर उखडून निवासी इमारती बांधण्यात आल्या असून, २०१४ च्या सुमारास तेथे भाडेकरू राहायला आले. दुकानांच्या शेजारी घरे असावीत, हे ग्रुएन यांनी त्या जागेच्या पहिल्याच नकाशात आखून दिले होते.